मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी

वैद्यबुवा हे काही त्यांचं आडनाव नव्हे, आणि त्यांनी जन्मात कुणाची नाडी पाहिली नव्हती. ते जुने कॉम्प्युटर दुरुस्त करत. मशीन उघडण्याआधी ते चालू करायचं, डब्यावर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटून मिनिटभर नुसतं उभं राहायचं, ही त्यांची सवय. पंखा मोकळा फिरतोय की घासतोय, हार्ड डिस्क अडखळतेय का, हे त्यांना हाताला कळायचं. ते पाहून गल्लीतल्या कुणा टवाळाने त्यांना वैद्यबुवा म्हटलं, आणि तेव्हापासून खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

काम मुंगीच्या पावलांनी चालायचं. शेजारचे दुकानदार एका फटक्यात चार सुटे भाग बदलून गिऱ्हाइकाला वाटेला लावत. वैद्यबुवा एका वेळी एकच गोष्ट बदलणार, मग दोन दिवस मशीन चालवून बघणार, मग दुसरी. बायको म्हणायची, "तुमच्याकडे मशीन टाकून माणूस घरी जातो आणि वाट बघून बघून नवीनच घेतो." यावर ते हसत, पण बदलत नसत. जे काही केलं ते तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी डब्याच्या आतल्या पत्र्याला चिकटवायची, हाही त्यांचा नेम. गिऱ्हाइकाला एक छोटी वही द्यायची आणि सांगायचं, "मशीन बिघडलं की वार, वेळ आणि तुम्ही त्या क्षणी काय करत होता, ते लिहा." या वहीला ते दुखण्याची वही म्हणत. बहुतेक लोक त्या वहीत किराण्याची यादी करत.

एवढ्या चिकाटीच्या माणसात एक खोट होती, आणि ती ते अभिमानाने मिरवत. डब्याच्या पत्र्याच्या आत जे काही आहे ते आपलं, बाहेरचं आपलं नाही. प्रिंटर, घरातलं वायरिंग, टेबलाचा पाय, नवरा-बायकोतलं भांडण, या सगळ्याला त्यांचं एकच उत्तर असे, "ते माझ्याकडे नाही." माणसाने आपली हद्द ओळखावी, असं ते म्हणत. ऐकणाऱ्याला ते शहाणपणाचं वाटायचं.

साफ मेलेलं मशीन त्यांना आवडायचं. त्याचं निदान होतं. त्यांचा जीव खाणारी दुखणी वेगळी होती. तीन दिवस गुण्यागोविंदाने चालायचं आणि चौथ्या दिवशी मान टाकायची. घरी बंद पडायचं आणि दुकानात आणलं की शहाण्या मुलासारखं वागायचं. असं मशीन आलं की वैद्यबुवांची झोप उडायची. त्यातलंच एक मशीन प्रूफवाल्यांचं.

प्रूफवाले म्हणजे छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झालेले गृहस्थ. उंच, वाकलेले, बोलायला मोजके. ते दोनदा मशीन घेऊन आले होते. तक्रार एकच, "मधूनच गोठतं. पडदा निळा होतो. कधीकधी बंद असताना आपोआप चालू होतं." वैद्यबुवांनी पहिल्या वेळी रॅम बदलली, दुसऱ्या वेळी वीज पुरवणारा एसएमपीएस. दुकानात दोन्ही वेळा मशीन आठवडाभर चाललं, एकदाही चुकलं नाही. दुसऱ्या वेळी ते वैतागून म्हणाले, "साहेब, मशीन ठणठणीत आहे. तुमच्या घरात भूत असेल."

प्रूफवाले हसले नाहीत. "असेल तर त्याची वेळ लिहून ठेवतो," म्हणाले, आणि वही मागून घेऊन गेले. नंतर आले नाहीत. पाच महिन्यांपूर्वी ते गेल्याचं वैद्यबुवांना उडत उडत कळलं होतं. भेटायला जायचं राहिलं.

आणि आता प्रूफवाल्यांच्या बायकोने, वहिनींनी, तेच मशीन भाड्याच्या गाडीतून आणून दुकानाच्या फळीवर ठेवलं होतं.

"दुरुस्त करू नका," वहिनी म्हणाल्या.

वैद्यबुवांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मग काय करू?"

"यात बिघाड आहे की नाही, एवढंच मला सांगा. नसेल तर तसं लिहून द्या."

त्या स्टुलावर बसल्या. पदराने चष्मा पुसला. मग ज्या आवाजात बाई दूधवाल्याचा खाडा सांगते, त्या आवाजात त्यांनी सांगितलं की ते गेल्यापासून हे मशीन मंगळवारी आपोआप चालू होतं. दर मंगळवारी नाही, पण बहुतेक. दुपारी चार वाजून आठ-दहा मिनिटांनी. बटण कुणी दाबत नाही. घरात दुसरं कुणी नाहीच. दिवा लागतो, पंखा घरघरतो, पडदा उजळतो.

"ते गेले तेही मंगळवारीच," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच त्यांना म्हणाला होतात ना, घरात भूत आहे म्हणून? त्यांनी घरी येऊन मला सांगितलं होतं. तेव्हा मी हसले होते."

वैद्यबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो वहिनी, ती थट्टा होती."

"माहीत आहे. पण आता चालू होतं ते खरं आहे ना?" त्यांनी पुसलेला चष्मा चढवला. "बहीण म्हणते, माझ्याकडे राहायला ये. पुढच्या महिन्याच्या अखेरीला घर सोडायचंय. नुसता बिघाड असेल, तर मी निघते. आणि बिघाड नसेल, तर मग त्यांना तिथे एकटं टाकून मी कशी जाऊ? तुम्ही खोटं बोलत नाही असं ते म्हणायचे. म्हणून तुमच्याकडे आले."

मशीन दुकानात दोन आठवडे राहिलं. वैद्यबुवांनी ते रोज चालवलं, रोज बंद केलं, तळहात ठेवून ठेवून डबा गुळगुळीत व्हायचा बाकी राहिला. दोन मंगळवार आले. दोन्ही मंगळवारी ते साडेतीनलाच शटर अर्धं ओढून मशीनसमोर बसले. चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले. मशीन गप्प.

वहिनींना फोन केला तेव्हा त्या जराही चकित झाल्या नाहीत. "तिथे कसं होईल?" म्हणाल्या. "ते तुमच्या दुकानात कशाला येतील? घरीच येणार."

हे ऐकून वैद्यबुवांच्या अंगावर काटा आला, हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. छत्तीस वर्षांत ते कुणाच्या घरी जाऊन दुखणं शोधत बसले नव्हते. वायर जोडून द्यायची आणि निघायचं, एवढंच. पण या वेळी त्यांनी ठरवलं की मंगळवारी वहिनींच्या घरी जाऊन बसायचं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली कॉम्प्युटरचं टेबल, बाजूला हातांची खुर्ची, आणि खुर्चीशेजारी तिपाईवर जुना, तबकडीऐवजी बटणं आलेल्या काळातला टेलिफोन. फोनवर विणलेलं झाकण आणि त्यावर टाचणीने लावलेली चिठ्ठी. प्रूफवाल्यांचं अक्षर, छापल्यासारखं: ‘कृपया उचलू नये. लाइन मोकळी ठेवावी.’

"हे काय?" वैद्यबुवांनी विचारलं.

"लेकीसाठी," वहिनी म्हणाल्या.

लेक तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. वडिलांनी खटपट करून लावून दिलेली नोकरी तिने एका दिवसात सोडली आणि कुठल्या तरी मैत्रिणीबरोबर दुसऱ्या देशात निघाली. बाप चिडला तर साधा चिडणाऱ्यातला नव्हता. दारात उभा राहून म्हणाला, "जातेस तर जा, पण या घरात पुन्हा फोनसुद्धा करू नकोस." तिने ते अक्षरशः पाळलं. तिचा नंबर बंद झाला, मैत्रिणीचा पत्ता चुकीचा निघाला, लिहिलेली पत्रं परत आली. बाप गेल्याचंही तिला कुणी कळवू शकलं नाही.

"सव्वा वर्षाच्या वर झालं असेल," वहिनी सांगत होत्या, "एकदा या फोनवर फोन आला होता. ह्यांनी उचलला, हॅलो म्हणाले. पलीकडे कुणी बोलेना. मग ठेवून दिला. हे म्हणाले, तीच होती. त्या दिवसापासून बाकी सगळ्यांना मोबाइलवर फोन करायला सांगितलं आणि हा फोन फक्त तिच्यासाठी ठेवला. मला साधा पुसायलासुद्धा उचलू देत नसत. न जाणो, तेवढ्यात ती लावेल आणि लाइन व्यस्त लागेल. दुपारभर त्या खुर्चीत बसून असत. पण नाही वाजला पुन्हा. कधीच नाही." त्यांनी चिठ्ठीवरची धूळ बोटाने झटकली. "लाइन बंद करायचा अर्ज भरून ठेवलाय. घर सोडताना देईन."

वैद्यबुवांनी हळहळून मान हलवली. फोन डब्याच्या बाहेर होता. त्यांच्या डोक्यात त्याचा पुढे काही विचार आला नाही.

मशीन जागेवर ठेवून त्यांनी सगळ्या वायरी होत्या तशा जोडल्या. चार वाजता वहिनी चहा घेऊन आल्या. तीन कप. एक त्यांच्यासाठी, एक स्वतःसाठी, आणि तिसरा त्यांनी न बोलता कीबोर्डशेजारी ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे दोघंही बघत नव्हती आणि दोघांनाही किती वाजले ते माहीत होतं. चार वाजून नऊ मिनिटांनी डब्यात टक्‌ झालं. हिरवा दिवा लागला. पंखा आधी घोगरा, मग सलग घरघरू लागला. पडद्यावर अक्षरं उमटली.

वैद्यबुवांनी मशीनला आयुष्यभर हात लावला, पण त्या दिवशी त्यांचा हात पुढे होईना. वहिनींचा चेहरा मात्र उजळला होता. त्या पडद्याकडे बघून हलकेच म्हणाल्या, "आज वैद्यबुवा आलेत बरं का." वैद्यबुवांना तिथून पळून जावंसं वाटलं.

पण हट्ट तो हट्ट. एका वेळी एकच गोष्ट. पुढच्या मंगळवारी त्यांनी मशीनची पिन त्या भिंतीतून काढून स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली, म्हणजे त्या भिंतीच्या वायरिंगचा दोष असेल तर कळेल. चार दहाला मशीन चालू झालं. त्यानंतरच्या मंगळवारी ते तीनलाच आले. या वेळी कीबोर्ड, माउस, सगळं काढायचं आणि डबा उघडून एकेक कार्ड बाहेर घ्यायचं ठरवलं होतं. घर आता अर्धं खोक्यांत गेलं होतं. वहिनी आत भांडी कागदात गुंडाळत होत्या.

पत्रा बाजूला केल्यावर त्यांना आत आपलंच अक्षर दिसलं. तीन चिठ्ठ्या. एक रॅमची, एक एसएमपीएसची. सगळ्यात जुनी, पिवळी पडलेली, इतके दिवस त्या दोघींखाली दडलेली, सोळा महिन्यांपूर्वीची: ‘मोडेम कार्ड (वापरलेलं) बसवलं. फोन कार्डातून फिरवून घेतला. नंबर दिसत नाही. नंतर बघू.’

त्यांना आठवलं ते तुकड्यातुकड्यांनी. प्रूफवाल्यांनी त्यांना पहिल्यांदा फोन केला तो याचसाठी. फोन कुणाचा आला त्याचा नंबर कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो म्हणतात, तसं करून द्या. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि वैद्यबुवांनी विचारलं नव्हतं. डब्याबाहेरचं कशाला विचारा? मग वैद्यबुवा इथे येऊन कार्ड बसवून गेले होते. भिंतीतली टेलिफोनची लाइन कार्डाच्या एका भोकात, आणि दुसऱ्या भोकातून निघून टेलिफोनमध्ये. नंबर काही दिसला नाही, कारण तशी सोय एक्स्चेंजकडूनच नव्हती. मशीन मात्र छान चालत होतं. ते चहा पिऊन निघून आले होते.

टेबलामागे ओणवून त्यांनी भिंतीतून येणारी वायर कार्डातून उपसून काढली. वायरीला मधे एक जोड होता, त्यांनीच घाईत पिळून केलेला. त्यावरची चिकटपट्टी सुटली होती आणि तांबं उघडं पडलं होतं. वायर बाजूला करताना बोटं त्या तांब्यावर पडली, आणि त्याच वेळी त्यांना झटका बसला.

मोठा नव्हता. मुंग्या आल्यासारखा, कोपरापर्यंत गेलेला. त्यांनी शिवी गिळली, हात झटकला आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दोन बोटं पुन्हा मुद्दाम त्या तांब्यावर ठेवली. झटका आला, तुटला, पुन्हा आला. मग थोडी शांतता. मग पुन्हा दोन झटके आणि शांतता. कॉम्प्युटरच्या आधी ते वीस-बावीस वर्षांचे असताना रेडिओ आणि टेलिफोन दुरुस्त करत. ही लय त्यांनी ओळखली. त्यांच्या बोटांत टेलिफोनची घंटी वाजत होती. तिपाईवरचा टेलिफोन मात्र गप्प होता.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. दोन झटके, शांतता. दोन झटके, शांतता. टेलिफोनची वायर कार्डातून काढून ती थेट भिंतीच्या जोडाला लावायला त्यांनी धाव घेतली, पण ती जोडून होईपर्यंत लाइन गप्प झाली होती.

ते जमिनीवर बसूनच राहिले. आता सगळं त्यांना लख्ख दिसत होतं. घंटी आली की मशीन बंद असेल तर जागं व्हायचं, अशी त्या जुन्या बोर्डाची मुळातच ठेवण होती. मशीन चालू असेल तर ते वापरलेलं कार्ड घंटीचा धक्का सोसू शकत नव्हतं आणि सगळं गोठत होतं. आणि कार्डाचं दुसरं भोक पहिल्या दिवसापासून मेलेलं होतं. त्यातून टेलिफोनपर्यंत काहीच पोचत नव्हतं. रिसीव्हर एकदा कानाला लावला असता तर टोन नाही हे कळलं असतं. वैद्यबुवांनी तो लावला नव्हता, कारण टेलिफोन त्यांच्या हद्दीत नव्हता. प्रूफवाल्यांनी लावला नव्हता, कारण लाइन मोकळी ठेवायची होती. दुकानात दुखणं कधी दिसलंच नाही, कारण दुकानात टेलिफोनची लाइनच नव्हती.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. वैद्यबुवांच्या मनात आलं ते सांगायला हवं, कारण ते नंतर स्वतःला त्याबद्दल कधीच माफ करू शकले नाहीत. वायर आता जोडली गेली होती. पत्रा लावायचा, हात धुवायचे, ‘मशीनमध्ये बिघाड होता, काढला’ म्हणायचं आणि निघायचं. पुढच्या मंगळवारी फोन वाजेल, सगळ्यांना आनंद होईल, आणि सोळा महिन्यांचा हिशेब कुणी मागणार नाही. दोन मिनिटं ते तसेच बसून राहिले.

वहिनी चहा घेऊन आल्या. तीन कप. त्यांनी उघड्या डब्याकडे आणि काळ्या पडद्याकडे पाहिलं. "आज नाही आले?"

"वहिनी, बसा जरा."

"बिघाड सापडला?"

"सापडला. मी केलेला आहे."

त्यांनी सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी वहिनींनी विचारलं, "म्हणजे फोन येत होता."

"हो."

"मंगळवारी तिला सुट्टी असायची," वहिनी म्हणाल्या. "इथे होती तेव्हाही. मंगळवारी दुपारी झोपून उठली की चार वाजता चहा मागायची." त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "ते असताना पण येत होता?"

वहिनी उठल्या, टेबलाच्या खणातून एक छोटी वही काढून आणली आणि वैद्यबुवांच्या हातात दिली. दुखण्याची वही. त्यात किराण्याची यादी नव्हती. छापल्यासारख्या अक्षरात ओळीखाली ओळ होती.

‘मंगळवार. ४ वा. १२ मि. गोठले. पत्र टाइप करीत होतो.’

‘मंगळवार. ४ वा. ९ मि. बंद असता आपोआप चालू. मी शेजारी खुर्चीत.’

‘मंगळवार. ४ वा. १० मि. आपोआप चालू. मी खुर्चीतच.’

नोंदी एकतीस होत्या. वैद्यबुवांनी चौथ्या-पाचव्या ओळीनंतर वाचणं सोडून दिलं. वहिनींनी वही परत घेतली आणि सगळ्या वाचल्या, एकेका ओळीवर बोट ठेवून. फोन वाजत होता आणि तो माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून त्याची वेळ लिहून ठेवत होता.

"फोन चालू झालाय का आता?" वही मिटून त्यांनी विचारलं.

वैद्यबुवांनी खिशातला मोबाइल काढला आणि नंबर विचारून लावला. तिपाईवरची घंटी इतकी मोठ्याने वाजली की वहिनींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. वैद्यबुवांनी लगेच फोन कापला. खोलीत बराच वेळ घंटीचा कंप राहिला होता.

"जा तुम्ही आता," वहिनी म्हणाल्या. ते दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "पुढच्या मंगळवारी या. नाही वाजला, तर ते एकटीने ऐकायची माझ्यात ताकद नाही."

तो आठवडा वैद्यबुवांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. दुकानात कुठलाही पंखा सुरू झाला की ते दचकत. जेवताना, अंघोळ करताना बोटांत मधूनच तेच दोन झटके यायचे, आणि बोटं चोळली तरी जायचे नाहीत. बायकोला सगळं सांगितलं. तिने नेहमीसारखं टोचून काही म्हटलं नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. रात्री ती फक्त म्हणाली, "त्या पोरीने इतके दिवस काय समजूत करून घेतली असेल?" या प्रश्नाकडे वैद्यबुवांचं लक्षच गेलं नव्हतं. ते फक्त खुर्चीतल्या माणसाचा विचार करत होते.

मंगळवारी घरात फक्त खोकी, तिपाई, टेलिफोन आणि ती खुर्ची उरली होती. चार दिवसांनी किल्ली द्यायची होती. कॉम्प्युटर दोरीने बांधून कोपऱ्यात ठेवला होता. फोनवरची चिठ्ठी वहिनींनी काढली होती. या वेळी चहा केला नव्हता. वहिनी खुर्चीत बसल्या, वैद्यबुवा एका खोक्यावर.

चार दहा झाले. चार पंधरा झाले. वैद्यबुवांना वाटलं, संपलं. सोळा महिने लावून लावून ती थकली असेल. मागच्याच मंगळवारी तिने शेवटचा लावला असेल, आणि तो आपल्या बोटांत वाजून गेला. वहिनी फोनकडे बघत होत्या, पापणी न हलवता.

चार वाजून एकोणीस मिनिटांनी घंटी वाजली.

वहिनींनी हात पुढे केला, पण तो रिसीव्हरवर जाऊन तिथेच राहिला. दुसऱ्यांदा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. "उचला," वैद्यबुवा म्हणाले, "वहिनी, उचला ना." त्यांनी उचलला.

जुना रिसीव्हर होता, त्यातला आवाज बाहेर फुटायचा. पलीकडे रस्ता होता, गाड्या होत्या, आणि कुणाचा तरी श्वास होता.

"मी आहे गं," वहिनी म्हणाल्या.

पलीकडचा श्वास अडकला. मग एक बारीक, घाईचा आवाज आला. "आई? ठेवते, लगेच ठेवते. बाबांना सांगू नकोस मी केला म्हणून. मला माहीत आहे ते उचलू देत नाहीत. एकदा त्यांनी उचलला होता, मी घाबरले, बोललेच नाही. त्यानंतर कधी कुणी उचललाच नाही. तेव्हाच कळलं मला, त्यांनी ओळखलं आणि अजून राग आहे. मी नुसती घंटी ऐकायला लावते, आई. तेवढंच."

"नाही गं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "राग नव्हता. फोन बिघडला होता. इथे वाजतच नव्हता. ते रोज बसायचे गं फोनपाशी. तुझ्यासाठी लाइन मोकळी ठेवून बसायचे. मला हातसुद्धा लावू देत नव्हते."

पलीकडे ती रडत होती की हसत होती ते कळेना. "खरंच? बाबा बसायचे?"

"एकही दिवस चुकवला नाही त्यांनी."

"मग त्यांना दे ना," लेक म्हणाली. "आई, दे ना त्यांना. आत्ताच दे. मी बोलते."

वहिनींनी रिसीव्हर कानापासून दूर केला आणि वैद्यबुवांकडे पाहिलं. लेक पलीकडून बाबा, बाबा म्हणत होती, आणि ते खोलीभर ऐकू येत होतं.